जुनी एमजीबी हातात आली? या चुका टाळा

एमजीबी ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनली, पाच लाखांच्या वर. सुटे भाग आजही नवेकोरे मिळतात, अख्खं बॉडीशेलसुद्धा. त्यामुळे नवशिक्यांना वाटतं, सोपी गाडी आहे. गाडी सोपीच आहे, चुकतो तो कामाचा क्रम. त्यात आधीच्या तीन-चार मालकांनी आपापली हौस भागवून घेतलेली असेल, तर बघायलाच नको.

सगळ्यांत महाग पडते ती सिलची चूक. या गाडीला वेगळी चासी नाही आणि रोडस्टरला, म्हणजे उघड्या गाडीला, छप्परही नाही. पुढचा आणि मागचा भाग धरून ठेवतात ते मुख्यतः दारांखालचे सिल. बाहेरचा पत्रा, मधला उभा पत्रा, आतला पत्रा आणि तळाला कॅसल रेल ही आडवी पट्टी, एवढं सगळं मिळून सिल होतो. लोक बाहेरचा गंज बघतात आणि थेट ग्राइंडर उचलतात. एका रोडस्टरची दारं काढून भिंतीला टेकवली, स्टँड पुढच्या-मागच्या टोकांना लावले आणि दोन्ही सिल एकाच दिवशी कापले. गाडी मधोमध बसली. नवे सिल त्याच बसलेल्या अवस्थेत वेल्ड झाले, वर प्रायमर, रंग, पॉलिश. मग दारं लावायला घेतली, तर मागची वरची कड खांबाला भिडलेली! दाराची कड घासून पाहिली, बिजागरीत वॉशर घालून पाहिले. शेवटी नवे सिल पुन्हा कापले, रंग गेला तो वेगळाच.

दारं जागेवर असतानाच फटी मोजा आणि टेपवर लिहून तिथेच चिकटवा. पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत २५ मिमीचा चौकोनी पाइप आतल्या अंगाने वेल्ड करा, म्हणजे पाइप असतानाही दार लावून बघता येतं. आधार मागे ॲक्सलखाली आणि पुढे क्रॉसमेंबरखाली, म्हणजे पुढच्या आडव्या तुळईखाली. एका वेळी एकच बाजू. नवा पत्रा आधी क्लँपने धरा, मग टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारा, दार लावा, फट जुळली तरच पूर्ण वेल्ड, तेही थोडंथोडं, जागा बदलत. आत मेण फवारायला आणि पाणी जायची भोकं उघडी ठेवायला विसरू नका. जुन्या सिलवर नवा पत्रा चढवणं म्हणजे लांबी (पुट्टी) भरण्याचाच थोरला भाऊ, आत ओल कोंडते आणि गंज निवांत वाढतो. गाडी घेतानाच जॅकिंग पॉइंटला जॅक लावून दाराची फट बघा. फट बदलली, तर सिल गेलेला आहे, विकणारा काहीही म्हणो.

दुसरी आवडती चूक: नवा तेज कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकून इंजिन आयडलवर, म्हणजे नुसतं मंद चालू, ठेवणं. कॅमवर टेकणारे इथले टॅपेट सपाट तळाचे, आणि कॅमच्या लोबवर (उंचवट्यावर) तेल पोचतं ते मुख्यतः उडून. आयडलला ते पुरेसं उडत नाही. त्याआधी अर्धा तास स्टार्टर मारला असेल, तर जोडताना लावलेलं वंगणही पुसलं गेलेलं असतं. वीस मिनिटांत लोब चाटला जातो आणि चुरा बेअरिंगमध्ये. म्हणून टायमिंग, पाणी, पेट्रोल, कार्बोरेटर सगळं आधी तयार ठेवा. झिंकयुक्त २०डब्ल्यू-५० तेल भरा, प्लग काढून स्टार्टरवर तेलाचा दाब येऊ द्या. इंजिन लागलं की लगेच २००० ते २५०० आरपीएमवर वीस मिनिटं, मग तेल आणि फिल्टर बदला. नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीच नाहीत. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

वायरिंगमध्ये लोक विजेचे भाग बनवणाऱ्या लूकस कंपनीला शिव्या घालतात. बहुतेक वेळा दोष असतो गंजलेल्या अर्थचा (बॉडीला केलेल्या जोडणीचा) किंवा कुणीतरी रेडिओसाठी घुसवलेल्या वायरचा. तपकिरी म्हणजे कायम चालू, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून, काळी अर्थ. यात न बसणारी वायर दिसली, तर ती कापण्याआधी दोन्ही टोकं शोधा. साधारण १९६७ अखेरपर्यंतच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेल्या, पण मधल्या मालकाने बदललं असू शकतं. मीटर लावून बघा. उलट जोडलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन क्षणात जळतं.

कार्बोरेटरला हात लावायचा तो टॅपेटचा गॅप, इग्निशनचे पॉइंट आणि टायमिंग झाल्यावर. साध्या कॅमवर ४५चा वेबर कार्बोरेटर दिसतो झकास, शहरात अडखळतो; गाडीचे मूळचे जुळे एसयू कार्बोरेटर काढून फेकू नका.

सुरुवातीच्या गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे, सँडब्लास्टिंगला (वाळूच्या माऱ्याने रंग काढायला) दिलंत तर लाटा घेऊन परत येईल. डॉट ४च्या ब्रेक ऑइलमध्ये सिलिकॉनचं डॉट ५ मिसळू नका. पाने इंची घ्या, मेट्रिक पान्याने नटाचे कोपरे जातात.

आणि तारांची चाकं असतील, तर हबची (चाक बसतं त्या मधल्या भागाची) डावी-उजवी बाजू बदलू नका. डावीकडे उजवे आटे, उजवीकडे डावे. अदलाबदल झाली की चालत्या गाडीत चाक धरणारा मधला नट आपोआप सैल होत जातो.