पुण्यात शून्य सावली कशी बघायची?

सूर्य रोज दुपारी बाराला डोक्यावर येतो, असं मुलांना वाटतं. पुण्यात (अक्षांश १८.५ उत्तर) तो बरोबर माथ्यावर वर्षातून दोनदाच येतो आणि तेव्हा उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते, हीच शून्य सावली: १३-१४ मे आणि जुलैअखेर. जुलैत बहुतेक ढगच, त्यामुळे मे धरा. वेळ १२ वाजून ३१ मिनिटांच्या आसपास, कारण घड्याळ पुण्याच्या सूर्यावर नाही, भारतीय प्रमाणवेळेवर चालतं, म्हणजे ८२.५ पूर्व रेखांशावर; पुणे त्याच्या पश्चिमेला आहे.

३० सेंमीचा, दोन्ही टोकं सरळ कापलेला पीव्हीसी पाइप गच्चीवर उभा करा. पेला नको, काठ रुंद असेल तर सावली पडतच राहते, पालथा घातला तर आधीपासूनच गायब! गच्चीला पाण्यासाठी उतार असतो, तिथेच बहुतेकांचं फसतं. खाली फळी ठेवून कागदाच्या घड्या सरकवा आणि पाइप ओळंब्याने तपासा. दोऱ्याला नट बांधला तरी चालतं.

सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूने मांडायला सांगा. दहा मिनिटं चुकली तर सव्वा सेंटिमीटर सावली दिसते. एक दिवस चुकला तर जेमतेम मिलिमीटरभर, म्हणून दुसऱ्या दिवशीही करता येतं. मुलांनी वर सूर्याकडे मात्र बघायचं नाही. दिल्लीच्या मावसभावाला हे कधीच दिसणार नाही, कारण सूर्य २३.५ अंशांच्या उत्तरेला जातच नाही.