गोनिओमेट्रीचं प्रॅक्टिकल: मोबाइलवर काय, प्लिंथवर काय

फिजिओथेरपीत ऑनलाइन आणि वर्गातल्या शिकवण्याची सांगड घालताना पहिली वाटणी हातांची करायची. डोळ्यांनी आणि कानांनी शिकता येतं ते मोबाइलवर जाऊ द्यावं. हाताखाली लागल्याशिवाय कळत नाही ते प्लिंथपाशीच (रुग्ण तपासायच्या टेबलापाशीच) शिकवावं. एंड-फील (सांधा शेवटपर्यंत नेल्यावर हाताला जाणवणारा अडथळा) किंवा मसल टेस्टिंगमधला (स्नायूच्या ताकदीच्या तपासणीतला) ग्रेड 4 आणि 5 मधला फरक कितीही चांगला व्हिडिओ पाहून समजत नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊच नये. सुरुवातीला गुडघ्याच्या फ्लेक्शनची (वाकण्याची) गोनिओमेट्री, म्हणजे सांध्याचा कोन मोजणं, घ्या. एकच सांधा आहे, हाडांवरच्या खुणा ठरलेल्या आहेत आणि चूक लगेच दिसते.

व्हिडिओ तीन करा, प्रत्येकी पाच-सहा मिनिटांचे: खुणा शोधणं, गोनिओमीटर (कोन मोजायचं दोन आर्मचं साधन) लावणं, आकडा वाचून नोंद करणं. पाऊण तासाचं लेक्चर रेकॉर्ड करून टाकलं तर ते दुप्पट वेगाने पळवलं जातं, हे गृहीत धरा. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणि गोनिओमीटरला काटकोनात ठेवा. उभ्या माणसाच्या नजरेतून, वरून शूट केलं तर तिरप्या बघण्यामुळे आकडा चुकीचा दिसतो आणि मुलंही पुढे तसंच वाकून वाचतात. पारदर्शक प्लास्टिकचा गोनिओमीटर त्वचेवर दिसेनासा होतो, म्हणून दोन्ही आर्मच्या कडांना गडद रंगाची टेप लावा. 480पी पुरेसं आहे, हॉस्टेलवरच्या मुलांचा डेटा वाचतो. आणि शूटिंगआधी विभागातल्या सगळ्या शिक्षकांनी पद्धत एक ठरवावी. व्हिडिओत एक आणि व्हायवाला दुसरी असली की मुलांचं व्हिडिओवरून मन उडतं.

पहिल्या व्हिडिओसोबत घरचा अभ्यास द्या. उभं राहून नितंबाच्या बाहेरच्या बाजूला तळवा ठेवायचा आणि पाय आत-बाहेर फिरवायचा. तळव्याखाली जे हाड लोळतं ते ग्रेटर ट्रोकॅन्टर, मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा. ते एकदा स्वतःच्या अंगावर सापडलं की वर्गात जोडीदाराच्या अंगावर चाचपडावं लागत नाही, संकोचही कमी होतो.

क्विझ पाच प्रश्नांची, आदल्या रात्री नऊला बंद. ‘नॉर्मल रेंज किती?’ हा प्रश्न फुकट जातो, गूगलवरून उत्तर येतं. त्याऐवजी आर्म चुकीचा लावलेला फोटो द्या आणि काय चुकलं ते विचारा. ज्या प्रश्नाला सर्वांत जास्त जण अडखळले, तिथून वर्ग सुरू करा.

दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये पहिली दहा मिनिटं त्या प्रश्नाला, पुढचा सगळा वेळ हातांना. तिघांचा गट करा: एक मॉडेल, एक मोजणारा, एक वाचणारा. मॉडेलची परवानगी घ्यायची, मापाला लागेल तेवढाच भाग उघडा ठेवायचा. मॉडेल सुपाइन (पाठीवर झोपलेला). फल्क्रम (दोन्ही आर्म जोडणारा मध्य) लॅटरल एपिकॉन्डाइलवर (गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यावर), स्थिर आर्म ग्रेटर ट्रोकॅन्टरच्या दिशेने, हलता आर्म लॅटरल मॅलिओलसच्या (घोट्याच्या बाहेरच्या उंचवट्याच्या) दिशेने. टाच प्लिंथवरून सरकत येताना मांडी वर येऊ द्यायची. प्रोनमध्ये (पोटावर झोपवून) मोजलं की रेक्टस फेमोरिस हा मांडीच्या पुढचा स्नायू हिप आणि गुडघा अशा दोन्हीकडून ताणला जातो आणि फ्लेक्शन कमी भरू शकतं. मोजणाऱ्याने स्केलकडे बघायचं नाही. वाचणाऱ्याने आकडा गुपचूप लिहायचा. मग भूमिका बदलून तोच गुडघा पुन्हा मोजायचा. दोन मापांत 5 अंशांहून जास्त फरक आला तर तिथेच थांबून कारण शोधायचं. बहुतेकदा फल्क्रम सरकलेला असतो किंवा मांडी बाहेर लोळलेली असते.

सर्वांत विनोदी चूक दुहेरी स्केलची. दोन्ही बाजूंचे आकडे मिळून 180 होतात, त्यामुळे 130 च्या जागी सर्रास 50 लिहिलं जातं. वाचण्याआधी नुसत्या डोळ्यांनी पाहायची सवय लावा: गुडघा काटकोनापेक्षा जास्त वाकलाय ना? मग नव्वदच्या आतला आकडा येणारच कसा?

ही सगळी घडी मोडते ती बहुधा एकाच जागी. चौघांनी व्हिडिओ पाहिलेला नसतो, शिक्षकाला राहवत नाही आणि तो पुन्हा फळ्यापाशी जातो. पुढच्या आठवड्यात मग कुणीच व्हिडिओ पाहत नाही. न पाहिलेल्यांना इअरफोन लावून कोपऱ्यात बसवा, बाकीच्यांना प्लिंथवर सोडा. दुसरी बाजूही बघा: व्हिडिओचा वेळ लेक्चरच्या तासातून वजा केला नसेल, तर तो मुलांवर जादा बोजा आहे आणि त्यांची कुरकुर रास्त आहे.

वर्गानंतर आठवडाभरात प्रत्येकाने स्वतः मोजतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ जमा करावा. मॉडेल सहाध्यायीच हवा, चेहरा दिसता कामा नये आणि ओपीडीतला रुग्ण तर नाहीच. जमा करायचा गूगल क्लासरूमवर. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ कुठे फिरेल सांगता येत नाही. तपासताना पाचच गोष्टी बघा: पोझिशन, फल्क्रम, दोन्ही आर्म, नजरेची पातळी, नोंद. नोंदीत ‘130’ एवढंच नको. कुठला पाय, ॲक्टिव्ह (मॉडेलने स्वतः वाकवलेला) की पॅसिव्ह (मोजणाऱ्याने वाकवलेला) आणि सुरुवात कुठून तेही हवं: ‘उजवा गुडघा, ॲक्टिव्ह, 0–130’.