अविश्वासाच्या काळात सीमापार सहकार्य कसे उभारावे: युरोपच्या अनुभवातून

शेजारी देशांमधील संबंध ताणलेले असताना सहकार्याचा आराखडा आखायचा असेल, तर कोणत्याही एका देशाला एकट्याने सोडवता येणार नाही असा प्रश्न आधी निवडावा. १९७५च्या हेलसिंकी करारात ३५ देशांनी लष्करी प्रश्नांच्या जोडीला व्यापार, विज्ञान आणि पर्यावरण यांना स्थान दिले, आणि शीतयुद्ध चालू असतानाच, १९७९ मध्ये, पूर्व व पश्चिम युरोपने जिनिव्हात सीमापार वायुप्रदूषणाविषयी करार केला.

नदीपासून सुरुवात करणे मला सर्वांत योग्य वाटते. युगोस्लाव्हिया फुटल्यावर सावा ही देशांतर्गत नदी आंतरराष्ट्रीय झाली, आणि नुकतेच युद्धातून बाहेर पडलेले तिच्या काठचे देश २००२ मध्ये एका करारावर सह्या करण्यास तयार झाले. त्यांचा संयुक्त आयोग झाग्रेबमधून काम करतो. अशा करारात मोठ्या घोषणांपेक्षा बारीक तपशील महत्त्वाचे असतात: पाण्याची पातळी कोणत्या ठिकाणी मोजायची, कोणत्या शून्यपातळीपासून मोजायची, आणि वरच्या देशातील आकडे खालच्या देशाच्या पूरनियंत्रण कक्षात किती वेळात पोहोचले पाहिजेत. हे आधी ठरवावे. निधी आणि प्रकल्पांची चर्चा नंतर करावी. माहिती नागरिकांनाही मिळावी, यासाठी पर्यावरणविषयक माहिती मिळण्याचा हक्क नागरिकांना देणाऱ्या १९९८च्या आरहूस करारातील तरतुदी आधाराला घ्याव्यात.

व्हिएन्नास्थित युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटनेची मदत अवश्य घ्यावी. मात्र तिचे निर्णय ५७ देशांच्या सहमतीने होतात आणि ते कायद्याने बंधनकारक नसतात, म्हणून मूळ करार काठावरच्या देशांनीच आपसांत करावा.

आर्थिक सहकार्यात अधिक सावध राहावे लागते. १९५१ मध्ये पश्चिम युरोपातील सहा देशांनी कोळसा व पोलाद एका सामाईक प्राधिकरणाच्या अखत्यारीत दिले. युरोप आणि रशिया यांच्यातील नैसर्गिक वायूचा व्यापार प्रचंड वाढला, परंतु त्यावर असे सामाईक नियंत्रण कधीच नव्हते, आणि २०२२ मध्ये रशियाचे युक्रेनवरील आक्रमण त्या व्यापाराने रोखले नाही. म्हणून पुरवठा थांबल्यास कोणाचे किती नुकसान होईल, हे दोन्ही बाजूंनी तपासावे, आणि अवलंबित्व एकतर्फी निघाल्यास दुसरा पुरवठादार तयार होईपर्यंत करार लांबणीवर टाकावा.

राजनैतिक बोलणी तुटली तरी पूर, विषारी गळती आणि धरणातून सोडलेले पाणी यांची पूर्वसूचना चालूच राहील, असे कलम पहिल्याच मसुद्यात लिहून घ्यावे आणि ती सूचना देणारे अधिकारी पदनामानिशी नेमावेत.