निसर्गफेरी, चित्रकट्टा, आकाशदर्शन : आयोजकांनो, या चुका टाळा

माणसं येतात, फोटो काढतात, निघून जातात आणि पुढच्या वेळी त्यातले मोजकेच परत येतात. असं होत असेल तर शहरी लोकांना निसर्गाची आवड नाही असा निष्कर्ष काढू नका. आधी आपली आखणी तपासा.

सगळ्यात जास्त नडते ती वेळ. पाहुण्यांची सोय पाहून तारीख ठरते. पक्ष्यांची आणि चंद्राची सोय कुणी पाहत नाही. सकाळी दहाला पक्षीनिरीक्षण ठेवलं तर बहुतेक पक्षी गप्प झालेले असतात. उजाडल्यापासूनचे दोन तास गाठा. पौर्णिमेला दुर्बिणीतून चंद्र दाखवण्याचा हौशी बेत तर हमखास फसतो. त्या रात्री सूर्यप्रकाश समोरून पडतो, विवरांच्या सावल्या नाहीशा होतात आणि डोळे दिपवणारी सपाट थाळी तेवढी दिसते. शुक्ल अष्टमीच्या आसपास बोलवा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांचे काठ इतके ठसठशीत दिसतात की मुलं दुर्बीण सोडत नाहीत. तारकागुच्छांसाठी मात्र अमावास्येच्या आगेमागेच. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एका मोबाइलच्या टॉर्चने सगळं पुन्हा पहिल्यापासून! टॉर्चवर आधीच लाल जिलेटिन कागद चिकटवून ठेवा.

रात्री दिव्याकडे येणारे पतंग (फुलपाखरांसारखे कीटक) बघायला पांढरी चादर ताणून दिवा लावता आणि काहीच येत नाही? बहुधा शेजारी रस्त्यावरचा दिवा असतो, किंवा आकाशात मोठा चंद्र. जागा बदला. शेवटी दिवा बंद करून चादर हलकेच झटकायला विसरू नका. तिथेच बसून राहिलेले पतंग सकाळी पक्ष्यांच्या तोंडी पडतात.

कलेचं काय होतं? शेवटी घाईघाईत चित्रकला स्पर्धा. बक्षीस आलं की मोठी माणसं हाताची घडी घालून प्रेक्षक होतात. त्यापेक्षा प्रत्येकाला झाडाचं एक पान द्या आणि दहा मिनिटं रेखाटायला सांगा, लहानथोर सगळ्यांना. शिरा कडेपर्यंत पोचतात की अलीकडेच वळतात, कड दातेरी आहे की सरळ, फांदीवर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे काढताना आपोआप दिसतं. वनस्पती ओळखताना अभ्यासक हेच बघतात. म्हणून चित्र आधी, व्याख्यान नंतर, तेही छोटं.

नोंदींचा गोंधळ वेगळाच. २०१६ मध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांच्या चुरशीतून 'सिटी नेचर चॅलेंज' ही शहरातले जीव नोंदवण्याची स्पर्धा सुरू झाली आणि पुढे जगभर पसरली. तशा उपक्रमांत, फोटो टाकला की इतर लोक तो जीव ओळखायला मदत करतात अशा 'आयनॅचरलिस्ट' अ‍ॅपवर नोंदी होतात. पण एकच धूसर फोटो टाकला तर ती नोंद ओळखीविना पडून राहते. संपूर्ण झाड, पानाची मागची बाजू, फूल, खोड असे वेगवेगळे फोटो एकाच नोंदीत घ्या. कुंडीतलं किंवा लावलेलं झाड असेल तर तशी खूण करा, नाहीतर ते आपोआप उगवलंय असा समज होतो. फोटो घरी जाऊन चढवणार असाल तर ठिकाण तपासा. फुलपाखरू बागेतलं आणि नोंद तुमच्या घराची, असं सर्रास घडतं.

गट मोठा असेल तर तो फोडा. मागच्यांना वाटाड्याचं बोलणं ऐकू येत नसेल तर ते गप्पाच मारणार, त्यांना दोष कसा द्यायचा? आणि काय काय दिसलं त्याची यादी आठवड्याभरात सगळ्यांना पाठवा, न ओळखता आलेल्या किड्यांच्या फोटोंसकट.