ऑलिव्हच्या फिनॉलवर काम सुरू करताय? आधी एकक बघा

हायड्रॉक्सीटायरोसोल या ऑलिव्हमधल्या फिनॉलचे एस्टर करायला घेतलेत म्हणजे डीपीपीएच, एबीटीएस या अँटिऑक्सिडंट चाचण्या काय असतात ते तुम्हाला ठाऊकच असणार. ते परत सांगत बसत नाही. माझे चार महिने कुठे वाया गेले, तेवढं सांगते.

हा रेणू पाण्यात रमणारा, तेलात बेताचाच विरघळतो. म्हणून त्याच्या प्राथमिक अल्कोहोलवर मेदाम्लाची शेपटी लावायची. मी सोळा कार्बनची लावली, म्हणजे पामिटेट. शुद्धीकरणाचा कॉलम छान उतरला, रचना दाखवणारा एनएमआर देखणा आला आणि डीपीपीएचमध्ये आयसी-५० (निम्मं डीपीपीएच विझवायला लागणारी मात्रा, जितकी कमी तितकी क्रिया जास्त) मूळ रेणूच्या अडीचपट! म्हणजे शेपटीने क्रियाच मारली, असं मी अहवालात लिहूनही टाकलं. गाइडनी सहीही केली. (गाइड आकडे तपासतात या भ्रमात राहू नका. ते निष्कर्ष वाचतात.)

घोळ एक्सेल शीटमध्ये होता. ती एका सीनिअरने वनस्पतींच्या अर्कांसाठी बनवलेली, त्यामुळे सगळं मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. अर्काला रेणुभार नसतो, तिथे दुसरा इलाज नाही. पण हायड्रॉक्सीटायरोसोलचा रेणुभार १५४ आणि पामिटेटचा ३९२. दोन्ही एकेक मिलिग्रॅम तोललेत, तर पामिटेटमध्ये रेणू ४० टक्केसुद्धा भरत नाहीत. डीपीपीएचला हायड्रोजन देतं ते कॅटेकॉल, म्हणजे शेजारी-शेजारी दोन ओएच असलेलं कडं. शेपटी नुसती वजनाला. समजा दोघांचाही आयसी-५० अगदी सारखा, १० मायक्रोमोलर आहे. तरी त्या शीटमध्ये एक १.५ दिसणार आणि दुसरा ३.९. क्रिया तीच, फक्त तराजू चुकीचा. हे वाचताना पोरकट वाटेल. मलाही वाटलं असतं. आज, आत्ता, आपली शीट उघडा आणि मोलरमध्ये, म्हणजे वजनाऐवजी रेणूंच्या संख्येवर, करून घ्या. आयती शीट कुणाचीही घेऊ नका, सगळ्यात हुशार सीनिअरची तर नाहीच, कारण तिच्यावर कुणी शंका घेत नाही.

मोलरमध्ये दोन्ही सारखे आले तर हिरमुसू नका. कॅटेकॉलला हात लावला नाही, मग फरक पडेल कशाने? मिथेनॉलमध्ये दोन्ही विरघळलेलेच असतात. शेपटीची करामत इमल्शनमध्ये दिसते, रेणू तेल-पाण्याच्या सीमेवर जाऊन बसतो तेव्हा. तिथेही शेपटी वाढवत गेलात की एका लांबीपर्यंत फायदा, पुढे घसरण. त्यामुळे माझ्यासारखी थेट सोळावर उडी नको. आठ-दहा कार्बनचेही करा.

मोलरमध्येही क्रिया खरोखरच कमी आली, तर मात्र अॅसिल गट (म्हणजे ती शेपटी) अल्कोहोलऐवजी कॅटेकॉलच्या फिनॉलवर बसला असल्याची शंका घ्या. अॅसिड क्लोराइड आणि बेस वापरलात तर हे सहज होतं, वर बेसमध्ये कॅटेकॉल तपकिरी पडतो तो वेगळाच. लायपेज हे एन्झाइम महाग आहे, हळू आहे, पण प्राथमिक अल्कोहोलच धरतं. एनएमआरमध्ये ऑक्सिजनशेजारचा सीएच-टू ३.७ वरून ४.२ पीपीएमच्या आसपास सरकला का, तेवढं बघा.

पेशींवर जाणार असाल तर आणखी एक: कॅटेकॉल कल्चर मीडियात आपोआप ऑक्सिडाइज होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतो. कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घातलेला एक कंट्रोल पहिल्याच प्लेटमध्ये ठेवा.