मिनी ट्रॅक्टरला थंडीपुरती केबिन बसवताना

विदर्भाचा उन्हाळा साऱ्यांना माहीत असतो. मात्र २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, हे बाहेरच्या माणसाला सांगितले तर त्याला पटत नाही. त्या दिवसांत गव्हा-हरभऱ्याचे ओलीत रात्रीच्या विजेवर चालते, आंबिया बहाराच्या संत्र्याचे क्रेट पहाटे गाडीपर्यंत पोहोचवायचे असतात, आणि उघड्या ट्रॅक्टरवर दोन-अडीच तास बसलेल्या माणसाची बोटे स्टिअरिंगवरच आखडून जातात. मोठ्या ट्रॅक्टरला कारखान्यातून केबिन मिळते. वीस-पंचवीस एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला मात्र ती बहुधा गावच्या वेल्डिंगवाल्याकडूनच करून घ्यावी लागते, आणि ती करून घेताना एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावी लागते: केबिन जितक्या सहज बसते तितक्याच सहज निघाली पाहिजे. आपल्याकडच्या जुन्या संत्राबागा वीस बाय वीस फुटांवर लावलेल्या आहेत. झाडे वयात आली की दोन्ही बाजूंच्या फांद्या तासात, म्हणजे दोन ओळींमधल्या वाटेत, उतरतात, आणि कायमची केबिन असलेला ट्रॅक्टर त्या तासात शिरत नाही.

माप घेण्याचे काम घाईत उरकू नये, कारण पुढच्या बहुतेक चुका इथेच होतात. आपण ट्रॅक्टर अंगणात उभा करतो, टेपने लांबी-रुंदी मोजतो आणि आकडे कागदावर लिहून दुकानात देतो. पण उभ्या ट्रॅक्टरचे माप आणि कामावरच्या ट्रॅक्टरचे माप वेगळे असते. म्हणून नेहमी चालवणाऱ्या माणसाला जाड स्वेटर घालून सीटवर बसवावे, सीट सर्वात वर आणि सर्वात मागे सरकवून पाहावी, गिअर, पीटीओ (इंजिनची ताकद अवजाराला देणारी जोडणी) आणि लिफ्टचे दांडे शेवटच्या टोकापर्यंत फिरवावेत, क्लच आणि ब्रेक पूर्ण दाबावेत आणि त्या प्रत्येक वेळी हाताचे कोपर व गुडघा कुठवर जातो तिथे खडूने खूण करावी. डोक्यावर किमान चार-पाच बोटे नव्हे, तर वीतभर जागा सोडावी, कारण ट्रॅक्टर धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, उतरताना माणूस सीटवरून उचलला जातो. बोनेट पूर्ण उघडते का, डिझेलच्या टाकीचे झाकण मोकळे राहते का आणि डिपस्टिक बाहेर काढता येते का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

मागच्या बाजूचे माप मी पहिल्या वर्षी चुकवले होते. केबिन बसली, छान दिसली, गावातल्या चार जणांनी येऊन हात लावून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी तासाच्या टोकाला वळताना मी सवयीने रोटाव्हेटर पूर्ण उचलला. अवजाराचा मास्ट, म्हणजे ट्रॅक्टरकडची उभी चौकट, वर येता येता पुढेही झुकतो, हे मला ठाऊक होते, पण मोजलेले नव्हते. त्याने मागची आडवी पट्टी सरळ आत ढकलली आणि पट्टीला लावलेली पारदर्शक शीट मधोमध फाटली. तेव्हापासून माझा नियम असा आहे की वापरात असलेले प्रत्येक अवजार, म्हणजे रोटाव्हेटर, पेरणीयंत्र, वखर, एकेक करून जोडावे, टॉपलिंक (अवजाराला वरून धरणारा, लांबी कमी-जास्त होणारा दांडा) सर्वात आखूड करावी, लिफ्ट पूर्ण वर घ्यावी आणि जे अवजार सर्वात पुढे येते त्याच्यापासून आणखी चार इंच सोडून मागची चौकट धरावी.

चौकट कशाला धरायची, हा पुढचा प्रश्न आहे. मिनी ट्रॅक्टरचे मडगार्ड पातळ पत्र्याचे असतात. त्यांच्यावर सगळा भार टाकला तर दोन महिन्यांत बोल्टच्या भोकापासून तडा जातो. भार खाली, पायदानाच्या लोखंडी ब्रॅकेटवर आणि मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगवर असलेल्या बोल्टांवर यावा आणि मडगार्डचा उपयोग फक्त आधारापुरता व्हावा. ट्रॅक्टरला मागे रोलबार, म्हणजे उलटल्यावर माणसाला वाचवणारी लोखंडी कमान, असेल तर त्याला यू-क्लॅम्पने चौकट बांधायला हरकत नाही. परंतु रोलबारला भोक पाडणे किंवा त्यावर वेल्डिंग करणे कटाक्षाने टाळावे. ट्रॅक्टर उलटला तर तो बार वाकत वाकत धक्का पोटात घेतो आणि त्याखालची माणसाची जागा राखतो. भोक किंवा वेल्डिंगचा चटका लागलेला बार नेमका त्याच ठिकाणी मोडू शकतो. आपण करून घेतलेली केबिन वारा अडवते, उलटणारा ट्रॅक्टर अडवत नाही, हे घरातल्या पोरांनाही स्पष्ट सांगून ठेवावे. रोलबार उभा असेल तर सीटबेल्ट लावावा. रोलबार दुमडलेला असेल किंवा मुळात नसेल तर बेल्ट लावू नये.

काढता-घालता येण्याची सारी गंमत चार खोबणींत आहे. खांबांसाठी २५ मिलिमीटरचा, १६ गेजचा चौकोनी पाइप घ्यावा आणि खोबणीसाठी ३२ मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा. म्हणजे आत २६ मिलिमीटर जागा उरते आणि खांब फार न हलता सरकतो. दुकानदार म्हणेल की एकात एक बसतात, पण तिथेच बसवून पाहावे, कारण जाड पाइपच्या आतून वेल्डिंगची शिवण गेलेली असते आणि खांब तिच्यावर अडतो. ती शिवण लांब कानशीने घासून काढावी लागते. चारही खोबण्यांना मिळून अर्धा दिवस जातो, तेवढा जाऊ द्यावा. खोबणी सहा इंच खोल असावी, तळाशी पाणी निघून जाण्यासाठी एक लहान भोक असावे, आणि खांब आत गेल्यावर १० मिलिमीटरची पिन आरपार घालून ती निसटू नये म्हणून तिला आर-पिन (इंग्रजी आर अक्षरासारखी वाकवलेली तारेची पिन) लावावी. उरलेला एक मिलिमीटरचा खुळखुळाट काढण्यासाठी खोबणीच्या बाहेर एक नट वेल्ड करून त्यातून बोल्ट आवळावा. खोबणीचे ब्रॅकेट जिथे ट्रॅक्टरला टेकते तिथे रबरी बुश द्यावेत, नाहीतर इंजिनची सारी थरथर छताच्या पत्र्यात उतरते आणि डोक्यावर ढोल वाजल्यासारखे होते.

वजनाचा हिशेब आधीच करावा, कारण उंचावर चढवलेले प्रत्येक किलो धुऱ्यावर ट्रॅक्टर कलंडवण्याच्या बाजूने काम करते. वरच्या मापाचा वीस फुटी पाइप साधारण ७ किलोचा भरतो आणि अशा केबिनला तीन पाइप पुरतात. छताचा अर्धा मिलिमीटरचा पत्रा सहा-सात किलो होतो. समोरच्या काचेसाठी मात्र पसंती विचारपूर्वक करावी. ५ मिलिमीटरची टफन काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते, ४ मिलिमीटरचे पॉलिकार्बोनेट पाच किलोच्या आतच राहते. काचेवर ओरखडे पडत नाहीत, पण टफन केल्यानंतर तिला कापता किंवा भोक पाडता येत नाही, म्हणून भोके दुकानातच आधी करून घ्यावी लागतात. मी पॉलिकार्बोनेट वापरतो. ते थंडी-उन्हात आखडते आणि पसरते, म्हणून ६ मिलिमीटरच्या बोल्टला ९ मिलिमीटरचे भोक पाडून रबरी वॉशर घालावा, आणि शीटवरच्या फिल्मवर लिहिलेली यूव्ही बाजू, म्हणजे उन्हापासून संरक्षण असलेली बाजू, बाहेर ठेवावी. काळ्या मातीची धूळ त्यावर कोरड्या फडक्याने पुसली की ते कायमचे धुरकट होते. आधी पाणी ओतावे, मग मऊ कापड फिरवावे, आणि पेट्रोल किंवा थिनर जवळही आणू नये.

दोन्ही बाजू आणि पाठ यांना पत्रा लावू नये. ताडपत्रीचे पडदे आणि त्यात शिवलेली पारदर्शक पीव्हीसीची खिडकी पुरते. पडदा वेल्क्रोने असा लावावा की आतून एका झटक्यात सुटेल, आणि हे फक्त चढण्याच्या बाजूला नव्हे, दोन्ही बाजूंना आणि मागेही असावे. ट्रॅक्टर एका कुशीवर पडला तर ज्या बाजूने आपण रोज उतरतो तीच बाजू जमिनीखाली जाऊ शकते. दोऱ्यांच्या गाठी मारलेला पडदा स्वस्त पडतो, पण अंधारात, घाबरलेल्या हाताने गाठ सुटत नाही.

हीटरची आपल्याकडे गरज नाही, कारण ऊब इंजिनातच आहे. बोनेटच्या दोन्ही कडांना ताडपत्रीची पट्टी लावून ती समोरच्या काचेच्या खालच्या कडेपर्यंत आणली की रेडिएटरच्या पंख्याने मागे फेकलेली गरम हवा पायांकडे वळते आणि पहाटे पाचलाही बोटे मोकळी राहतात. रेडिएटरच्या समोरची जाळी मात्र पूर्ण उघडी राहिली पाहिजे, आणि पट्टी सायलेन्सरपासून किमान वीतभर दूर असली पाहिजे; जिथे हे अंतर मिळत नाही तिथे मध्ये पत्र्याची आड द्यावी.

याच ठिकाणी या कामातला सर्वात मोठा धोका आहे. इंजिनाकडून हवा आत घेतली की तिच्याबरोबर धूरही येऊ शकतो, आणि त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. केबिन बसवण्यापूर्वी मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर आणणारा भाग) आणि सायलेन्सरचा जोड कुठे काळा पडला आहे का ते पाहावे. काळा पडला असेल तर गॅसकेट बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये. सायलेन्सरचे तोंड छताच्या वर किंवा केबिनपासून दूर खाली वळलेले असावे. छताखाली दोन्ही बाजूंना हातभर लांबीची आणि चार बोटे रुंदीची फट कायम उघडी ठेवावी. काचेवर वाफ धरत नाही, हा तिचा दुसरा फायदा. काम करताना डोके जड झाले, मळमळले किंवा गरगरले तर थंडीचे कारण समजू नये, ट्रॅक्टर थांबवून खाली उतरावे. पडदे लावलेला ट्रॅक्टर बंद शेडमध्ये गरम करत ठेवण्याची सवय तर पूर्णच सोडावी.

बसवण्याचे काम सपाट जागी करावे, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून आणि अवजार जमिनीला टेकवून. सगळे वेल्डिंग ट्रॅक्टरपासून दूर व्हावे. जागेवर टाका मारणे अगदीच टळत नसेल तर आधी बॅटरीची ऋण तार, मग धन तार काढावी, आणि जोडताना उलट क्रम धरावा. प्रथम चारही खोबण्या हाताने आवळाव्यात, त्यांच्यात खांब घालून छत वर ठेवावे, ओळंबा आणि गुण्या लावून चौकट सरळ करावी आणि मगच पान्याने आवळावे. आधी आवळून मग खांब घालायला गेले की एक खांब हमखास बाहेर राहतो. नट नायलॉक, म्हणजे आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे ढिले न होणारे, वापरावेत. पहिल्या दिवशी पीटीओ लावून दोन तास काम केल्यावर आणि पुन्हा आठवड्याने सगळे बोल्ट तपासावेत. पहिल्या तपासणीत एखादा ढिला निघतोच.

दोन गोष्टी अधिक सांगितल्या पाहिजेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदींशी वाहन जुळेनासे होईल असा बदल करता येत नाही, म्हणून कापाकापी न करता बोल्टवर बसणारी केबिनच करावी आणि दिवे, इंडिकेटर, नंबरप्लेट झाकू नयेत. दुसरे म्हणजे, फवारणीला ही केबिन चालवू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरे उजाड झाली ते आपण पाहिले आहे. पडद्याच्या केबिनला गाळणी नसते. ब्लोअरचा तुषार फटीतून आत येतो, पडद्याला चिकटतो आणि पुढचे कित्येक दिवस तिथेच राहतो. फवारणीच्या दिवशी केबिन उतरवावी आणि मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे नेहमीप्रमाणे घालावेत.

दिवाळीनंतर चढवलेली केबिन महाशिवरात्रीच्या आसपास उतरते. पडदे आधी काढले की उरलेली चौकट आणि छत मिळून पस्तीस किलोच्या आत असते. दोघांनी समोरासमोर उभे राहून सरळ वर उचलली तर ती खोबणीत अडकत नाही, एका बाजूने आधी उचलली तर अडकते. खोबण्यांना ग्रीस लावून प्लास्टिकची बुचे बसवावीत, नाहीतर बागेतली माती त्यात घट्ट बसते. पीव्हीसीच्या पडद्यांची घडी घालू नये, गुंडाळी करावी आणि ती उंदरांपासून दूर, आढ्याला टांगावी. चार पिना आणि चार आर-पिना मात्र चौकटीलाच बारीक साखळीने बांधून ठेवाव्यात. मी त्या डब्यात ठेवल्या होत्या, आणि पुढच्या कार्तिकात डबा सापडला तेव्हा त्यात पिठाची चाळणी होती.