'सौजन्य - इंटरनेट' लिहायच्या आधी : नेटवरचा फोटो कोणी काढला ते कसं शोधायचं

दिवाळी अंक घ्या, ट्रेकचं पोस्टर घ्या, गणेश मंडळाची स्मरणिका घ्या, फोटोखाली 'सौजन्य - इंटरनेट' ठरलेलं. अहो, इंटरनेट काय गळ्यात कॅमेरा घालून कोकणकड्यावर गेलं होतं का? कोणीतरी माणूस गेला होता आणि बऱ्याचदा त्याचं नाव सापडतंसुद्धा, फक्त मागे मागे जायची तयारी पाहिजे. सगळ्यात जास्त शेअर झालेली कॉपी आपल्या काही कामाची नाही, आपल्याला सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मोठी कॉपी हवी.

आधी फोटोच नीट बघा. झूम करून चारही कडा तपासा, वॉटरमार्क कापलेला असला तरी अर्धं अक्षर किंवा पुसट डाग राहतो. मग फाईल कॉम्प्युटरवर घेऊन राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. तिथे ऑथर आणि कॉपीराइट असे रकाने असतात, काही फोटोग्राफर ते भरून ठेवतात. पण व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून आला असेल तर ही माहिती उडालेली असते, फेसबुक-इन्स्टावरून उतरवला तरी बऱ्याचदा तेच, त्यामुळे ज्याने पाठवला त्याला सांगा की बाबा मूळ फाईल असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठव.

आता रिव्हर्स सर्च, म्हणजे शब्द टाइप न करता फोटोच टाकून शोधायचं. गुगल लेन्स सगळ्यांना माहितीये, पण ते 'असाच दिसणारा' फोटो पण दाखवतं, म्हणजे कोकणकडा टाकला की सगळ्या जगाचे कोकणकडे समोर, म्हणून त्यातलं एक्झॅक्ट मॅचेस उघडायचं. टिनआय ही फोटो शोधायची वेबसाइट फक्त तोच फोटो शोधते, कापलेला किंवा रंग बदललेला असला तरी, आणि निकाल 'ओल्डेस्ट' किंवा 'बिगेस्ट इमेज' असे लावता येतात. तिथली तारीख मात्र टिनआयला तो फोटो पहिल्यांदा दिसला तेव्हाची असते, तो टाकला तेव्हाची नव्हे, त्यामुळे त्या पानावर जाऊन खरी तारीख बघा. काहीच नाही मिळालं तर यांडेक्स, बिंग ही दुसरी सर्च इंजिनं, आणि फोटो आरशासारखा उलटा करून परत एकदा, कारण चोरणारे लोक उलटा करून टाकतात. पिंटरेस्टवर पोचलात तर तिथे थांबू नका, ती पिन कुठून आली ते बघा.

शोधताना फोटोबरोबर आलेली कॅप्शन बाजूला ठेवा. 2015 च्या नेपाळ भूकंपानंतर एक फोटो फिरत होता, छोट्या बहिणीला कवटाळून बसलेला मुलगा, खाली 'भूकंपातली भावंडं' वगैरे. तो फोटो व्हिएतनामच्या हा जांग भागातला, ना सन न्गुएन या फोटोग्राफरने 2007 मध्ये काढलेला. 'नेपाळ भूकंप फोटो' असं टाइप करून शोधणारा गोल गोल फिरणार, पण नुसता फोटो टाकून शोधला आणि भूकंपाच्या आधीची एक जरी कॉपी हाती लागली तरी कॅप्शन तिथल्या तिथे खोटी पडते.

आणि नाव सापडलं म्हणून लगेच उड्या मारू नका. 1984 च्या भोपाळ वायुदुर्घटनेतला मातीत पुरल्या जाणाऱ्या लहान मुलाचा चेहरा, तोच क्षण रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोन्ही फोटोग्राफरनी टिपलाय. पाब्लो यांच्या रंगीत फोटोला वर्ल्ड प्रेस फोटो या स्पर्धेचा त्या वर्षीचा मुख्य पुरस्कार मिळाला, राय यांचा गाजलेला फोटो कृष्णधवल. आता कोणी रंगीतचा ब्लॅक अँड व्हाइट करून टाकला तर? म्हणून हाताची जागा, फ्रेमची कड, मातीचे खडे, सगळं जुळवून बघायचं.

क्रेडिट लाइन वाचतानाही सावध. वृत्तसंस्थेच्या म्हणजे एजन्सीच्या नावाबरोबर माणसाचं नाव असेल तर छान, पण 'हँडआउट' असेल तर फोटो एजन्सीने काढलेला नाही, कोणीतरी तिला दिलाय. फोटो विकणाऱ्या स्टॉक साइटवर जुन्या फोटोखाली बऱ्याचदा तो अपलोड करणाऱ्या संग्रहाचं नाव असतं. विकिमीडिया कॉमन्स या मोफत फोटोंच्या साठ्यावर 'ओन वर्क' (मीच काढलाय) लिहिलेलं असलं तर त्या माणसाचे बाकीचे फोटो चाळा. दहा वेगवेगळे कॅमेरे आणि सगळ्या फायली छोट्या, मग मला तरी शंका येते. जुन्या छापील अंकात तर टोपणनावंही भेटतात, 'डालडा 13' दिसलं तर त्या भारतातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर होमाई व्यारावाला.

संभाव्य फोटोग्राफर सापडला की सरळ मेसेज करा, "हा फोटो तुम्ही काढलाय का, याच्या आधीची-नंतरची फ्रेम दाखवाल का?" ज्याने खरंच काढलाय त्याच्याकडे शेजारच्या फ्रेम्स असायची शक्यता खूप, ढापणाऱ्याकडे तेवढा एकच. आणि परवानगी कोणाकडून घ्यायची हेही विचारा, कारण आपल्या कॉपीराइट कायद्यात नोकरीत किंवा पैसे घेऊन ऑर्डरवर काढलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, बहुतेक वेळा नोकरी देणाऱ्याकडे किंवा ऑर्डर देणाऱ्याकडे जातो, नाव मात्र काढणाऱ्याचंच द्यायचं. फोटो प्रसिद्ध होऊन 60 वर्षं उलटली असतील तर भारतात परवानगीचा प्रश्न साधारण मिटतो.

उत्तर आलंच नाही तर तो फोटो सोडा. कॉमन्सवर क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सवाला (म्हणजे काही अटींवर वापरायची आधीच परवानगी दिलेला) दुसरा शोधा आणि पानावर लिहिलंय तसं नाव आणि लायसन्स खाली टाका, छापायला देताना डिझायनर ती ओळ उडवत नाही ना तेवढं प्रूफमध्ये बघा.